नळीचं वजन

गेल्या दिवाळीत पुतण्या कोलोराडोहून घरी आला. फराळाचं ताट पुढे होतं, तरी त्यानं आधी खिशात हात घातला आणि एक कडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. इंचभर रुंद, बाहेरून काळं कुळकुळीत, आतून चांदीसारखं. "काका, ओळखा बघू." बंदुकीच्या नळीचा तोंडाकडचा कापून टाकलेला तुकडा होता तो. तिकडे हा रीतसर परवाना काढून एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. आता तो स्वतःच्या मापाची रायफल करवून घेत होता, आणि नळी बनवणाऱ्यानं त्याला दोन भाव दिले होते. एक पोलादी नळीचा, दुसरा कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळीचा. दुसरा दुपटीच्या घरात. "तुम्ही जन्मभर पोलाद कापलंत. कुठली घेऊ?"

मी खोपोलीत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो. साठच्या दशकात महिंद्रा युजीनचा मिश्रपोलादाचा कारखाना खोपोलीत आला आणि भोवती लहानमोठी वर्कशॉपं वाढली. त्यांतल्या एकात माझी हयात गेली. बंदूक मी कधी बनवली नाही. पण लांब, सरळ, बारीक भोक पाडण्याचं काम आमच्याकडे रोजचं होतं, आणि ज्या हत्यारानं ते पाडायचं त्याचं नाव आजही गन ड्रिल आहे. जॉब फिरतो, हत्यार स्थिर राहतं, त्याच्या पोटातून दाबानं तेल आत जातं आणि कीस घेऊन बाहेर येतं. बंदुकीवाल्यांनी शोधलेलं ते हत्यार घेऊन आम्ही हायड्रॉलिकचे दांडे पोखरत होतो. त्यामुळे पुतण्याचा प्रश्न मला परका वाटला नाही. मी फराळ बाजूला सारला आणि व्हर्नियर आणला.

आतलं भोक सात मिलिमीटर. त्याभोवती पोलादाची भिंत, ती धरून व्यास चौदा. उरलेलं तेविसापर्यंत सगळं काळं. म्हणजे कार्बनची नळी असं म्हणतात खरं, पण गोळी ज्यातून जाते ती नळी पोलादाचीच असते. जाड पोलादी नळी घेऊन ती लेथवर बारीक करतात आणि जेवढं पोलाद उतरवलं त्या जागी राळेत भिजवलेले कार्बनचे धागे गुंडाळून भट्टीत पक्के करतात. कडं मी पोर्चमध्ये उन्हात धरलं. काळ्या भागावर तिरपे पट्टे दिसले, एकावर एक चढलेले, पिळाचे.

असा पीळ मी त्याआधी एकदाच पाहिला होता. आजोबांच्या बंदुकीवर.

आमचं मूळ घर कर्जत तालुक्यात, कोथळीगडाच्या पायथ्याला, आंबिवलीच्या अंगाला. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून जायची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजानं ठासायचं, मग शिसं, पुन्हा बोळा, आणि घोड्याखाली केप. माळ्यावर रात्रभर बसून एक बार निघायचा, तोही पुष्कळदा हवेतच. सकाळी आजोबा कढत पाण्यानं नळी धुवायचे, काळं पाणी संपेपर्यंत, आणि मग खोबरेल फिरवायचे. एका पावसाळ्यात नळीवर बाहेरून तांब चढली. आजी चिंचेनं पितळेची घागर घासत होती. आजोबांनी तिच्याजवळची चिंच उचलली आणि नळी घासायला बसले. तांब गेली आणि खालून रेघा उमटल्या. सबंध नळीभर, मागून पुढे, वेलीनं झाडाला वेढे घालावेत तशा. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मला वाटलं, कुणी मुद्दाम नक्षी कोरली आहे. आजोबा म्हणाले, "नक्षी कसली? हे तिचं शिवण आहे."

शिवण हा शब्द त्यांनी बरोबर वापरला होता, हे मला कारखान्यात गेल्यावर कळलं. ड्रिलनं भोक पाडायची सोय नव्हती त्या काळात नळी पोखरत नसत, वळत असत. लोखंडाची पट्टी तापवायची, गजावर गुंडाळायची, कडा ठोकून एकजीव करायच्या आणि गज काढून घ्यायचा. यात दोन रीती. पट्टी लांबीत दुमडून उभी शिवण घालायची, नाहीतर तिरपी गुंडाळून पिळाची शिवण घालायची. अबुल फझलनं आईन-ए-अकबरीत बंदुकांचं एक प्रकरणच लिहिलं आहे. त्यात हा फरक स्वच्छ सांगितला आहे: लोखंड पातळ करून कागदाच्या गुंडाळीसारखं तिरकं वळायचं, कडेला कड न भिडवता एक घडी दुसरीवर चढवायची आणि हळूहळू तापवत जोडायची. अशा तीन-चार तुकड्यांची मिळून एक लांब नळी व्हायची. आधीच्या बंदुकीत पाव नळीपेक्षा जास्त दारू भरायची सोय नव्हती. ही तोंडापर्यंत भरली तरी फुटत नसे, असं तो म्हणतो. नळ्या घासायला गायीनं ओढायचं एक चाक होतं, त्यावर सोळा नळ्या एकदम साफ निघत. टर्नर माणसाला हे वाचून काय वाटतं ते सांगता येणार नाही. चारशे वर्षांपूर्वीचं मल्टिस्पिंडल मशीन आहे ते.

पीळ का लागतो? आतून दाब आला की पोकळ नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेनं जो ताण पडतो तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून नळी फुटते ती शेंग तडकावी तशी उभी. उभी शिवण घातली तर शिवण नेमकी जिथे फाटायची तिथेच येते. आजोबांच्या चुलतभावाची बंदूक अशीच होती, स्वस्तातली, उभ्या शिवणीची. बांधावरून उतरताना तिचं तोंड चिखलात रुतलं, अंधारात त्याला ते कळलं नाही, आणि डुक्कर समोर येताच त्यानं चाप ओढला. नळी मधोमध उघडली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. ती थोटी बोटं पुढे करून तो आम्हा पोरांना आंब्याच्या फोडी वाटायचा. तिरप्या पिळात तंतू घेराभोवती जातात, दाब त्यांना आडवा भेटतो. पुतण्याच्या कड्यावरचे कार्बनचे धागे तिरपे होते ते याच हिशेबानं. धागा बदलला, जोडणारी गोष्ट बदलली. हातोड्याच्या जागी राळ आली.

नळी मागे जाड आणि पुढे बारीक का, हे मात्र मला बंदुकीनं शिकवलं नाही. ते खोपोलीत डोंगराकडे बघून कळलं. टाटांचं वीजघर इथे १९१५ मध्ये सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून लोखंडी नळांतून खाली येतं. नवा होतो तेव्हा आमच्या फोरमननं मला बाहेर नेऊन ते नळ दाखवले आणि विचारलं, "वरचा पत्रा जाड की खालचा?" खालचा. कारण दाब खाली. पाचशे मीटरचं पाणी म्हणजे तळाशी चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोचा दाब. आजच्या रायफलीत काडतूस जिथे बसतं तिथे क्षणभर चार हजारांच्या आसपास दाब होतो. गोळी पुढे सरकते तसा तो उतरतो. म्हणून मागे भिंत जाड ठेवायची आणि पुढे लेथवर उतरवत न्यायची. कार्बनवाल्यांनी पोलाद उतरवलं तेही पुढच्या अंगाचं, मागचा दंड त्यांनी तसाच ठेवला आहे.

याच नळांच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं या भागातले विजेचे मनोरे कापून पाडले, ते म्हणूनच. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं, आणि कोतवाल व हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. लोखंड कापायला किती वेळ लागतो, आवाज किती होतो, पातं कसं तापून तुटतं हे मला ठाऊक आहे. रात्री, उघड्यावर, पहाऱ्याच्या भीतीत मनोऱ्याचा पाय कापणाऱ्या त्या पोरांपुढे माझा हात आपोआप कपाळाला जातो.

आता वजनाकडे येतो, कारण पुतण्याचा प्रश्न खरं तर वजनाचा होता.

कर्जत-खालापूर हा घाटाच्या पायाचा मुलूख. इथे कुठलीही जड वस्तू आली की तिला एकच विचारायचं: तू वर कशी जाणार? चावणीजवळच्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला गाठलं. मोगल फौज घाट उतरून आली होती, बाडबिस्तऱ्यासह, रायबागन ही मोगलांची सरदारीणही बरोबर होती. अंबा नदीकाठच्या त्या चिंचोळ्या झाडीत तिला ना मांडणी करता येत होती ना मागे वळता येत होतं. परमानंदानं शिवभारतात हे सविस्तर सांगितलं आहे. मी त्या ठिकाणी दोनदा जाऊन उभा राहिलो, आणि माझ्या मनात सारखी एक गोष्ट येत राहिली. तोड्याची बंदूक लांब आणि जड. उभ्यानं नुसत्या हातावर ती फार वेळ तोलता येत नाही. पण झाडाचा बेचका असेल, दगडाची कड असेल, तर नळीचं तेच वजन उपयोगी पडतं. ती हलत नाही, धक्का अंगावर घेते. दबा धरून बसलेल्या माणसाला जड नळी सोयीची, आणि वाट चालणाऱ्याला तीच नळी काच. त्या दिवशी चालणारे मोगल होते.

कोथळीगडावर मराठ्यांचं शस्त्रागार होतं. गडाचा सुळका आतून पोखरून वर जायला पायऱ्या काढल्या आहेत, इतक्या अरुंद की एका वेळी एकच माणूस चढतो. १६८४ मध्ये मोगलांनी गड घेतला तेव्हा संभाजीराजांच्या माणसांनी तो परत मिळवायला जिवाचं रान केलं. भिंती, तट एवढे नाहीत तिथे. जीव होता तो आतल्या दारूगोळ्यात. दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक. सोरा तीन चतुर्थांश, कोळसा साधारण सातवा हिस्सा, उरलेलं गंधक. यातला कोळसा आमच्या रानचा. कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या माझ्या लहानपणापर्यंत डोंगरात धुमसत होत्या, आणि लोहाराचा भाताही त्याच कोळशावर चालायचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूची निगा कशी राखायची ते आहे: कोठार राहत्या घरापासून दूर असावं, आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन द्यावं. आमचे आजोबा आपली चामड्याची पिशवी पावसाळ्यात चुलीच्या वरच्या उतरंडीपासून हातभर लांब टांगायचे आणि उघाड पडली की अंगणात न्यायचे. त्यांनी आज्ञापत्राचं नावही ऐकलं नव्हतं.

सगळ्यात जड धडा मात्र इंग्रजांनी घेतला. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईकरांची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाली. पनवेल, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट. लढणारी माणसं चार हजारांच्या आत, आणि सामान ओढायला १९,००० बैल. गाडीरस्ता तेव्हा घाटात नव्हताच. तो गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० मध्ये झाला. रोज थोडकं अंतर, तोफा ओढत, अशी फौज सरकत राहिली. कॅप्टन स्ट्युअर्ट, आपला इष्टुर फाकडा, ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ पडला. फौज तळेगावपर्यंत पोचली, पुढचा मुलूख मराठ्यांनी जाळून ओसाड केलेला. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी माघार घेतली आणि निघण्याआधी अवजड तोफा तळ्यात ढकलून दिल्या. दीड महिना ज्या घाटातून ओढून वर नेल्या त्या तोफा, आणि एका रात्रीत पाण्यात. पुढे वडगावचा तह झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. मला तह आठवत नाही, ते तळं आठवतं.

दोन वर्षांनी इंग्रजांचा सेनापती गॉडार्ड आला. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्यानं बोरघाट घेतला आणि खोपोलीत तळ टाकला. एप्रिलमध्ये तो पनवेलकडे परत फिरला तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या माणसांनी वाटभर त्याची पाठ सोडली नाही. झाडीतून बार यायचे. त्याच्या शिपायांच्या खांद्यावर साडेचार किलोच्या आसपासची बंदूक, एप्रिलचं ऊन, आणि खालापूरच्या त्या सपाट, पाणी आटलेल्या पट्ट्यातून चालत जायचं. मी याच पट्ट्यात एप्रिलमध्ये सायकलवर दुसऱ्या पाळीला जायचो, नुसता डबा घेऊन, आणि तोही जड वाटायचा.

पिळाची नळी संपली ती पोलादामुळे, असं लोक समजतात. अर्धंच खरं आहे. १८९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसनं तऱ्हेतऱ्हेच्या नळ्या फुटेपर्यंत तपासल्या, तेव्हा तीन सळ्यांच्या पिळाची इंग्लिश डमास्कस नळी पहिली आली होती. पोलादाला मागे टाकून. तिला मारलं ते बिनधुराच्या दारूनं आणि मजुरीनं. नव्या दारूचा दाब मोठा, आणि पिळाच्या नळीत शेकडो सांधे. एखाद्या सांध्यात मळी राहून गेली तर बाहेरून कळायचा मार्ग नाही. एकसंध पोलादाचा दांडा पोखरला की सांधाच उरत नाही. शिवाय ज्या नळीला कसलेल्या लोहाराचे दिवस जात ती मशीनवर तासांत होऊ लागली. पिळाचे कारागीर गेले, आणि ते पुन्हा झाले नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं. ज्या कौशल्याचं यंत्र झालं त्याची आठवण तरी राहते. ज्याची गरजच सरली त्याचं नावही कुणी घेत नाही.

फराळ झाल्यावर मी एक प्रयोग केला. सात मिलिमीटरला थोडी कमी अशी सळी गॅसवर लाल केली आणि कड्याच्या भोकात घातली. पाच मोजेपर्यंत आतल्या पोलादाच्या कडेला बोट लावणं अशक्य झालं. काळ्या पाठीवर बोट ठेवून पुतण्या वीस मोजेपर्यंत बसला होता. "म्हणजे थंड राहते," तो खुशीत म्हणाला. मी म्हटलं, अरे, थंड राहत नाही, उष्णता आत अडकून बसली आहे. तुझ्या बोटाला कळत नाही एवढंच. धाग्याच्या लांबीत कार्बन उष्णता बरी नेतो, पण एका थरातून दुसऱ्या थरात जायचं तर मध्ये राळ आहे. आणि पोलाद तापलं की वाढतं, कार्बन जवळजवळ वाढत नाही. दोघांना एकत्र बांधलं की प्रत्येक बाराला त्यांची ओढाताण. बनवणारा चांगला असेल तर तो हे सगळं हिशेबात धरतो. नसेल तर दहाव्या गोळीला नेम सरकतो. जाड पोलादी नळीचं तसं नसतं. तिचं वजन हीच तिची पाण्याची टाकी. उष्णता भरपूर पिते, उशिरा तापते, आणि तापली की उघडपणे तापते.

तिसरी वाटही आहे, ती दुकानदार सांगत नाही. बारीक पोलादी नळी. वजनाला कार्बनएवढीच, किमतीला कितीतरी कमी. पण ती बारीक म्हणून लवचीक, बाराला थरथरते जास्त आणि चटकन तापते. कार्बनचा पैसा जातो तो हलकेपणासाठी नव्हे, हलकी असून ताठ राहण्यासाठी.

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीच्या रायफलीला इथे कामच उरलं नाही. नेमबाजीत तर लोक वजन मागून घेतात. पन्नास मीटरच्या पुरुषांच्या स्पर्धेत रायफल आठ किलोपर्यंत चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकात गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं अशा तिन्ही बैठकांत गोळ्या झाडून कांस्यपदक आणलं. तिथे नळी जड हवी, स्थिर हवी, दिवसभर एकसारखी हवी. घाट चढायचा नाही. माझी भाची तालुक्याच्या शाळेत एअर रायफल शिकते, तीही म्हणते, मामा, हलकी दिली की हात नाचतो.

म्हणून मी पुतण्याला पोलाद की कार्बन हे विचारलंच नाही. मी विचारलं, "दिवसाला किती चढतोस?"

"सहा-सात तास. उंची तीन हजार मीटरच्या वर."

"गोळ्या किती झाडतोस?"

"दिवसाला? एक. पुष्कळदा तीही नाही."

"आणि वीस गोळ्या लागोपाठ कधी?"

"निशाणाच्या मैदानावर. वर्षातून चारदा."

आजोबा गेल्यावर वडिलांनी बंदूक जमा केली, तेव्हा मी बरोबर होतो. हवालदारानं टेपनं नळी मोजली आणि रजिस्टरात एक ओळ लिहिली: ठासणीची, नळी एक. निवडणूक आली की ती दर खेपेला जमा व्हायची, आणि निकालानंतर आजोबा आंबिवलीहून जाऊन घेऊन यायचे. शेवटचं परतताना वडील मोकळे हात हलवत चालत होते आणि सवयीनं त्यांचा डावा खांदा किंचित वर होता. पुतण्याला मी एवढंच सांगितलं. त्यानं कार्बनची घेतली.

परवा ऑक्टोबरात त्याचा फोन आला, आमच्या पहाटे. पाच दिवस डोंगरात होता. एल्क दिसला, पण पलीकडच्या उतारावर, फार लांब. त्यानं गोळी झाडली नाही. मी नळीचं विचारलं. "खांदा दुखला नाही, काका," म्हणाला.

कडं माझ्याकडेच आहे. व्हर्नियरच्या डबीत ठेवलं आहे.